पाठीवरचा कब्जा

मुलीला लातूरच्या क्लासला सोडून परतत होतो. गल्लीतल्या तालमीत आखाडा खणणं चाललं होतं. ताक, हळद, तेल मुरलेल्या मातीचा गार वास आला आणि मी अहमदपूरच्या जुन्या तालमीत, मैनुद्दीनच्या पाठीवर होतो.

भूकंपात गाव गेल्यावर तो मामाकडे राहायला आला होता. त्याला ढिगाऱ्याखालून काढलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी पत्र्याच्या भोकांतून पिवळं ऊन आत तरंगत होतं. तो पालथा, मी वरून त्याच्या कमरेला मिठी घातलेली. वस्ताद नेहमी बजावायचे, "पाठीवर बसला म्हणून जिंकला न्हाईस. खालचा ढिला पडला की समज, आता उलथवणार. तवाच आवळायचं."

तेवढ्यात भूकंपाचा धक्का बसला. पोरं बाहेर पळाली.

"सोड बे, जमीन हालायली!" मैनुद्दीन खालून ओरडला.

"हाव, आन् सोडलं की मला चीत करतो. येडा समजला का?"

तो एकदम ढिला पडला. मी आवळलं, सारं वजन त्याच्यावर टाकलं.

वस्तादांनी मला ओढून काढलं, तेव्हा सगळं कधीच शांत झालं होतं. मैनुद्दीन तसाच पालथा, डोळे मिटून, दोन बोटांनी नाकापुढची माती हळूहळू बाजूला सारत होता.

मला ती त्याची चाल वाटली, असंच मी इतकी वर्षं सांगत आलो. जमीन हललेली मलाही कळली होती. पण त्याची पाठ मला त्याआधी कधीच मिळाली नव्हती.