ओढणीची पट्टी

नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांची दर हिवाळ्यात सहकुटुंब सहल निघायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका वर्षी आम्ही भिवंडीजवळच्या वडप्याच्या पुढच्या एका डोंगरावर गेलो होतो. उतरताना घसाऱ्यावरून यांचा पाय सटकला आणि नडगीचं हाड मोडलं.

मी धावत जाऊन पाय सरळ करायला हात घातला, तोच मागून आवाज आला, "वहिनी, ओढू नका. आहे तसाच राहू दे."

ती यांच्या ऑफिसातली टायपिस्ट. तिने प्रथमोपचाराचा वर्ग केलाय हे मला तेव्हाच कळलं. यांचा बूट तिने अलगद उतरवला, दोन सरळ काठ्या आणायला लावल्या, पायाभोवती टॉवेल घातले आणि स्वतःची ओढणी फाडून मोडल्या जागेच्या वर-खाली पट्ट्या बांधल्या. मग रक्त फिरतंय का, ते पायाच्या अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.

"बोटं हलवा. माझा हात कळतोय ना?"

"कळतोय," हे म्हणाले.

घरी साधा काटा काढताना गल्ली गोळा करणारा माणूस तिच्या तोंडाकडे बघत गप्प पडून होता. ती मला वहिनी म्हणत होती, तिच्या मनात काही नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मला ते बघवेना.

चादरीची झोळी करून यांना खाली आणलं. भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणी बांधलंय हे? फार छान!" झालं! तिथल्याच निजामपुऱ्यातल्या आमच्या खोलीत जो भेटायला येईल त्याला हे शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून तेच सांगायचे. अंघोळ मी घालायची, भांडं मी द्यायचं आणि कौतुक मात्र तिचं.

प्लास्टर निघाल्यावर मीच तिच्या घरी गेले. म्हटलं, "मलाही शिकवा." तिला इतका आनंद झाला की माझा आणखीच जळफळाट झाला. रविवारी दुपारी ती माझ्याच पायावर पट्ट्या बांधून दाखवायची, मी बांधताना चुकले तर हसून पट्टी सोडायची.

पुढच्या सहलीला मी पट्ट्यांची पिशवी घेऊन चढले आणि दिवसभर लोकांच्या पायांकडे बघत राहिले. कोणी पडेना. दुपारी मात्र साहेबांच्या बायकोला उन्हाने भोवळ आली. मी तिला झाडाखाली आडवं केलं, पाय पट्ट्यांच्या पिशवीवर टेकवले, ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. शुद्ध नीट आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने ती उठून बसली.

"वा वहिनी!" सगळे म्हणाले.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"पण शिकवलंय कोणी, ते विचारा!" हे म्हणाले आणि त्यांनी त्या टायपिस्टकडे बोट दाखवलं. सगळे तिच्याकडे वळले. मी टॉवेल पिळला, पुन्हा भिजवला आणि पुन्हा पिळला.