भुऱ्याच्या गळ्याचं माप

आमच्या भुऱ्याच्या गळ्यात पट्टा बसेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी एका अख्ख्या शाळेचे गणवेश शिवून, काज-बटण करून, इस्त्रीसकट पोचवले असते.

मी टेलर आहे. दिग्रसला पुढे दुकान, मागे घर. शाळेचे गणवेश ही माझी खासियत. खासियत म्हणजे काय, तर मी शिवलेला शर्ट पोरगा पाचवीत घालतो आणि सातवीतही तोच घालतो. पहिल्या वर्षी त्यात त्याचा धाकटा भाऊसुद्धा मावतो! आईबापच सांगून जातात, "मास्तर, जरा ढिला शिवजा, पोट्टं वाढून राह्यलं." वर्षानुवर्षं हेच ऐकून माझा हात असा बसला आहे, की नवरदेवाचा सूट शिवतानाही मी त्याच्या वाढीचा विचार करतो. (नवरदेव वाढतात. वर्षभराने येऊन माझे आभार मानतात.)

भुऱ्या आमचा कुत्रा. म्हणजे आम्ही त्याला आमचा म्हणतो. सकाळी तो आमच्याकडे भाकरी खातो, मग समोरच्या चहाच्या टपरीवर बिस्किटं, दुपारी शेजारच्या रशीदभाईंच्या घरी जे असेल ते, आणि संध्याकाळी पुन्हा आमच्या पायरीवर येऊन दिवसभराच्या उपाशी तोंडाने बसतो. माझी मुलगी प्रणाली आठवीत आहे. तिच्या लेखी मात्र तो सख्खा भाऊ, आणि भांडणात बाजू घेणारा एवढाच घरात आहे.

एके दिवशी भोंगा लावलेला ऑटो गल्लीतून फिरला. मोकाट कुत्री धरून नेणार, ऑपरेशन करणार, सुई टोचणार आणि परत आणून सोडणार, असं भोंगा सांगत होता. परत म्हणजे नेमकं कुठे, ते सांगत नव्हता. ज्यांची पाळलेली आहेत त्यांनी गळ्यात पट्टा बांधावा, पट्टेवाल्याला हात लावणार नाही, एवढं शेवटी सांगून ऑटो पुढे गेला. प्रणालीचा चेहरा उतरला. तिच्या आईने, म्हणजे सुशीलाने, बाजारात जाऊन तयार पट्टा आणायचा असा सरळ मार्ग सुचवला.

पण ज्या घरचा धनी टेलर, त्या घरच्या गळ्यात रेडिमेड? लोक काय म्हणतील? मी टेप काढला.

कुत्र्याचं माप घेणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा घेऊन पाहावं. गिऱ्हाईक सांगितलं की ताठ उभं राहतं. भुऱ्या ताठ उभा राहायचा तो फक्त बकरी दिसल्यावर. टेप गळ्याभोवती गेला की तो त्याचं टोक तोंडात धरून गोल फिरायचा, आणि त्याच्या मागे मी. शेवटी प्रणालीने भाकरीचा तुकडा वर धरला, त्याने मान लांब केली, तेवढ्यात मी माप उरकलं आणि सवयीने त्यात वाढीचे दोन इंच घातले.

सुशीला दारातून बघत होती. म्हणाली, "दोन इंच कायले? तो का आता वाढते?"

"वाढीन न. चार घरी खाते तो."

रशीदभाई ऑटोच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात. त्यांनी लाल रेक्झिनची पट्टी दिली, जाड सुईची मशीन दिली, आणि एक बक्कल दिलं, जे बघून मला वाटलं की हे आधी बैलाच्या गळ्यात असावं. मी दुहेरी शिलाई मारली. एका टोकाला पट्टी आत दुमडून ठेवली, पुढे लागली तर उसवता यावी म्हणून. पट्टा असा झाला, की मलाच घालावासा वाटला.

ट्रायलला गल्ली जमली. भुऱ्या लाल पट्ट्यात नव्या सरपंचासारखा दिसत होता. मी पट्ट्याला दोरी लावून ती खांबाला बांधली आणि लोकांकडे पाहिलं. भुऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकला, आणि पट्ट्यातून निघून चहाच्या टपरीकडे चालता झाला. त्याची बिस्किटाची वेळ झाली होती.

त्या संध्याकाळी प्रणालीने मोबाइलवर पाहून सांगितलं, की पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची. जास्त ठेवली तर डोकं निघतं, कमी ठेवली तर कुत्र्याला त्रास होतो. आयुष्य गळ्याची मापं घेण्यात गेलं, आणि आता मोबाइल मला गळा शिकवणार! पण पोरीचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मी मोबाइलचं ऐकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंना हाक मारली, पट्टा भुऱ्याच्या गळ्यात धरला आणि त्यांना म्हटलं, तुम्ही दोन बोटं घाला, मी खूण करतो.

इथे चूक झाली. रशीदभाईंनी जन्मभर रेक्झिन ओढलं आहे. त्यांची दोन बोटं म्हणजे तुमचाआमचा अख्खा पंजा. मी त्या खुणेवर नवं भोक पाडलं, शास्त्रशुद्ध पट्टा बसवला आणि निश्चिंत झोपलो. सकाळी भुऱ्या पायरीवर बसला होता आणि गळा मोकळा होता.

पट्टा शोधायला मी गल्लीभर फिरलो. पट्टा सापडला, पण काळ्याच्या गळ्यात! काळ्या हाही कुत्राच, पण जिनिंग मिलच्या रस्त्याचा मालक. कापसाच्या गाड्यासुद्धा त्याला बाजू देऊन जातात. रशीदभाईंची आई, जिला सगळी गल्ली खाला म्हणते, तिच्या दारात तो रात्री झोपतो आणि फक्त तिचंच ऐकतो. खालाला सकाळी अंगणात पट्टा पडलेला दिसला, तिने कौतुकाने तो काळ्याला घातला. दोन बोटं बरोबर जात होती. मी गेलो तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "मास्टर, ऐसा फिट बैठा, जैसे इसी का नाप लिया हो."

माझ्या हातून एवढं नेमकं माप आजवर कुठल्याच गळ्याचं झालं नव्हतं. पट्टा परत मागावा असं मनात आलं. काळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खालाला म्हटलं, राहू द्या, छान दिसतो.

दुसरा पट्टा दुपारी शिवू म्हणून मी गिऱ्हाइकाला घेतलं. एका गुरुजींच्या सफारीची ट्रायल चालू होती. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, हातात खडू. तेवढ्यात प्रणाली धावत आली. तिला दम लागला होता.

"बाबा, भुऱ्याले गाडीत टाकलं."

मी टाचण्या थुंकल्या आणि पळालो. (गुरुजी एका बाहीनिशी दुकानात उभे राहिले. ते नंतर बराच वेळ तसेच होते.) गाडी जिनिंगच्या कोपऱ्यावर उभी होती, कारण रस्त्याच्या मधोमध काळ्या लाल पट्टा घालून बसला होता, आणि गाडीवाले त्याला अदबीने बाजूला व्हायला सांगत होते. पट्टेवाला ना तो! मागे जाळीत आमचा भुऱ्या. मला बघून त्याने शेपूट हलवलं नाही. कान पाडून नुसता बघत राहिला.

गाडीवरच्या माणसाला मी म्हटलं, हा कुत्रा माझा आहे. त्याने विचारलं, "मंग पट्टा कुठी हाये?"

"हाये न. तो का, समोरच्याच्या गळ्यात."

माणसाने काळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाळीची कडी अजून घट्ट केली. तोवर मदतीला गल्ली आली. मदत अशी, की चहावाल्याने जाळीजवळ जाऊन "राजा" म्हणून हाक मारली, भुऱ्या उठला. रशीदभाईंनी "शेरू" म्हटलं, भुऱ्याने कान टवकारले. मी "भुऱ्या" म्हटलं, तर तो तिघांकडे आळीपाळीने बघायला लागला. माणूस म्हणाला की ज्याला तीन नावं तो मोकाटच, आणि ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली. प्रणालीने माझा हात धरला. ती रडत नव्हती, नुसती हात आवळत होती.

मी गळ्यातला टेप काढला, जाळीत हात घातला आणि भुऱ्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. या वेळी त्याने टोक तोंडात धरलं नाही. माझीच दोन बोटं आत सरकवली आणि गाठ मारली. वाढीचा विचार केला नाही. करायला वेळच नव्हता.

"हा त पट्टा नोहे बाप्पा," माणूस म्हणाला, "टेप हाये."

"याच्याच मापाचा हाये," मी म्हटलं. "पाहा, किती इंच ते लिवलंय त्याच्यावर."

तो हसला. गल्ली हसली. कडी निघाली. उद्या धड पट्टा दिसला पाहिजे असं त्याने बजावलं, आणि भुऱ्या खाली उतरला. सवयीप्रमाणे त्याने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकला. टेप हलला नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं. मग माझ्याकडे बघून, हरलो बुवा, अशा चेहऱ्याने मुकाट घरी चालू लागला. प्रणाली टेपचं टोक धरून पुढे, आणि मी मागून मोकळ्या गळ्याने.

संध्याकाळी सुशीला बाजारात गेली आणि तयार पट्टा घेऊन आली. पहिल्याच भोकात बसला. तिने एक शब्द बोलून दाखवला नाही, हा तिचा मोठेपणा. भुऱ्या आता पट्टा घालून त्याच सगळ्या घरी जेवतो, आणि माझा टेप धुऊन पुन्हा माझ्या गळ्यात आला.

फक्त एक झालं. मी कधी टेप विसरून बाजाराला निघालो, तर सुशीला दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "अहो, असे मोकाट कुठी चालले? गळ्यात काही घालून जा न, गाडी फिरून राह्यली!"