अण्णांची दाढी आणि चार हजार पिक्सेल

गेल्या आठवड्यात माझी चांगलीच जिरली... आणि तीही माझ्या आईकडून. आई आष्ट्याजवळच्या गावात राहते, मी इस्लामपुरात शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तेव्हा जिरली कशात, ते ओळखलंच असेल.

माझा दादा चोवीस वर्षं फौजेत नोकरी करून रविवारी कायमचा घरी येणार होता. आमच्याकडे जवान रिटायर होऊन आला की वेशीपासून घरापर्यंत वाजतगाजत मिरवणूक निघते. फ्लेक्स, हलगी, फेटे, सगळी तयारी भावकीने अंगावर घेतली होती.

आईचं मागणं मात्र एकच होतं. "त्यो घरात पाय ठेवंल तवा समोरच्या भिंतीवर बाप-ल्योक एका फोटूत दिसाय पायजेत." अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा दादा बर्फात ड्यूटीवर होता, रस्ता बंद होता... अंत्यविधीला पोचू शकला नाही. त्याने कधी तोंडातून काढलं नाही, पण आईच्या मनात ते घर करून बसलं होतं.

दोघांचा एकत्र असा एकच फोटो आहे. अण्णा असतानाच्या दादाच्या शेवटच्या सुट्टीतला, तो परत निघाला त्या सकाळी अंगणात वहिनीने काढलेला. अण्णा गेल्यावर सगळ्या भावकीने तोच स्टेटसला लावला होता, आणि माझ्याकडे उरला होता तो त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट... जेमतेम सातशे पिक्सेल रुंदीचा. वहिनीला विचारलं तर म्हणाली, माझा तेव्हाचा फोन केव्हाच एक्स्चेंजमध्ये दिला.

म्हटलं, हात्तिच्या, यात काय अवघड आहे. फ्रेम वीस बाय पंधरा इंचाची, इंचाला दोनशे पिक्सेल धरले तर चार हजार बाय तीन हजार हवेत. सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले, बटण दाबलं, झाला फोटो मोठा. स्टुडिओवाल्या भाऊंना वर ऐटीत सांगितलं, "मी सगळं सेट करून दिलंय, तुम्ही फक्त प्रिंट काढा."

प्रिंट हातात आली आणि माझं तोंड उतरलं. अण्णा मेणाचे दिसत होते... गुळगुळीत गाल, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. भाऊ बिचारे हळूच म्हणाले, "मॅडम, फोटो फुटलाय. मुळातच न्हाई ते मशीन कुठनं आणणार?" मुलांना हेच मी वर्गात शिकवते हो. आकडा वाढवला म्हणून चेहरा वाढत नाही... मधली जागा कॉम्प्युटर अंदाजाने भरतो. आणि अण्णांचा अंदाज त्याला कसा असणार?

शुक्रवारी ती प्रिंट घेऊन रडकुंडीला येऊन आईकडे गेले. आईने चष्मा लावला, बघितली आणि फ्रेम पालथी ठेवली. "ह्ये तुझं अण्णा न्हवंत," एवढंच म्हणाली. मग मी स्क्रीनशॉटचं रामायण सांगितलं. तिने शांतपणे कमरेचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "आगं, त्यो फोटू ह्यात काढलाय. दादानं त्याच सुट्टीत मला ह्यो फोन घिऊन दिला हुता, वहिनी क्यामेरा कसा हाय बघत हुती."

हाच तो फोन. ज्याचं स्टोरेज भरलं म्हणून मी दर भेटीला आईचं डोकं खाते, "डिलीट कर गं एकदाचं सगळं" म्हणते, आणि ती दर वेळी माझ्या हातातून काढून घेते. गुड मॉर्निंगची फुलं, अभंग, बाळंतविड्याचे फोटो... सरकवत सरकवत तळाला गेले आणि तो सापडला. डिटेल्स उघडले. चार हजार बाय तीन हजार. मी चक्क नाचले.

या वेळी शहाणपणा केला नाही. फोटो म्हणून न पाठवता भाऊंना डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे व्हॉट्सअॅपने तो बारीक करायला नको. साईज बदलू नका, काही गुळगुळीत करू नका, आहे तसा छापा म्हटलं. शनिवारी प्रिंट आली... अण्णांच्या सदऱ्याची उसवलेली शिवणसुद्धा दिसत होती.

रविवारी हलगीच्या दणक्यात दादा दारात आला. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो आत आला आणि भिंतीसमोर थांबला. आधी लांबून बघितलं, मग अगदी जवळ गेला.

"अण्णांची दाढी वाढलीया," तो म्हणाला. "सुट्टीत रोज मीच करायचो. त्या दिवशी गाडीची घाई, ऱ्हायली."

मग काचेवरून, अण्णांच्या गालावरून त्याने बोट फिरवलं. ते खुंट फोटोत खरोखरच होते, पांढरे, एकेक मोजता येतील असे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी दादाला रडताना पाहिलं, आणि रडून झाल्यावर मोकळं हसतानाही.

आई माझ्याकडे बघत होती. फोन कमरेला खोचत म्हणाली, "डिलीट कर म्हणत हुतीस न्हवं?"

आई, तू जिंकलीस. तुझ्यासाठी मोठं मेमरी कार्ड घेतलंय... गुड मॉर्निंगच्या फुलांसकट सगळं ठेव.