शेजारसंघ आणि आमचे घरमालक

सात देशांचा एक संघ करायला निघालेला आणि त्यासाठी सातांपैकी एकाही सरकारची परवानगी न घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी भाड्याने राहत होतो.

तेव्हा मी श्रीगोंद्याच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत असे. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावता लावता आपण विचारवंत झालो आहोत, अशी माझी समजूत होती. पुण्याहून दोन साप्ताहिकं टपालानं येत. ती मी घरी न वाचता एस. टी. स्टँडच्या हॉटेलात चार लोकांसमोर उघडत असे. आमचे घरमालक माझ्याकडे आदराने बघत, याचं कारण ही साप्ताहिकंच असावीत.

घरमालक मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली होती, त्यामुळे कुठलंही अंतर ते मोजणीच्या साखळ्यांतच सांगत. स्टँड किती लांब, असं पाहुण्यानं विचारलं तर म्हणायचे, "अकरा साखळ्या. मधी रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबला न्हाईत तर." नोकरीत त्यांची एक पद्धत होती, ती खात्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. बांधावरून भांडणारे दोन शेतकरी समोर आले, की साखळी पोत्यातून काढण्याआधी ते पहिल्याला दुसऱ्याची बाजू सांगायला लावत आणि दुसऱ्याला पहिल्याची. समोरचा "व्हय, माझं म्हणणं असंच हाय" म्हणेपर्यंत मोजणी सुरू होत नसे. कधी कधी त्यात अख्खा दिवस जाई. कधी कधी मग मोजायची गरजच उरत नसे, आणि वरिष्ठ त्यांच्यावर कामात दिरंगाईचा ठपका ठेवत.

निवृत्तीनंतर मोजायला शेत उरलं नाही, तेव्हा त्यांनी देश घेतले. विलायतसुद्धा शेजाऱ्यांच्या सामायिक बाजारात शिरायची खटपट करतेय, ही बातमी त्यांनी माझ्याच साप्ताहिकात वाचली. "बघा गुरुजी, त्येंना कळलं. आपन मातुर साता समुद्रापल्याडचा मिलो रेशनवर खातोय, आन ब्रह्मदेशचा तांदूळ हितं शेजारी पडून." त्या दुष्काळी वर्षात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीनं सगळ्यांचेच घसे सोलले होते, त्यामुळे या मुद्द्यावर गावात त्यांना विरोधक नव्हता. बाकी मुद्द्यांवर श्रोताच नव्हता.

संघाचं नाव शेजारसंघ. सभासद भारत, पाकिस्तान, नवा बांगलादेश, नेपाळ, भूतान, सिलोन आणि ब्रह्मदेश. अफगाणिस्तानचा अर्ज आला तर विचार करायचा होता. राजधानी दिल्लीला ठेवली तर कराची रुसणार आणि कराचीला ठेवली तर दिल्ली, म्हणून राजधानी बोटीवर. बोट वर्षभर कराची, मुंबई, कोलंबो, चितगाव, रंगून अशी फिरणार. नेपाळला समुद्र नाही, त्याला वाईट वाटू नये म्हणून कप्तान नेपाळचा. सगळ्या वकिलातींना त्यांनी पत्रं पाठवली होती. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, तेही हिमशिखरांची चित्रं असलेली प्रवाशांसाठीची पुस्तिका. ती त्यांनी फाइलला लावून वर लिहिलं, 'नेपाळ: अनुकूल'.

त्याआधी बांगलादेशच्या लढाईच्या दिवसांत ते आकाशवाणी आणि पाकिस्तानचा रेडिओ आलटून पालटून लावत, आणि कमी ऐकू येत असल्यामुळे मोठ्यानं लावत. एके दिवशी पोलीस जमादार चौकशीला आला.

"साहेब, लोकं म्हनत्यात तुमी दुश्मनाचं ऐकता."

"ऐकतो की. लई खोटं सांगत्यात."

"आन आपलं?"

"तेबी ऐकतो."

जमादारानं थोडा विचार केला आणि बातम्यांनंतर गाणी लागतात का, एवढंच विचारलं. पुढचा तासभर तो ओसरीवरच होता.

या सगळ्याची नव्वद पानांची एक वही होती. ती कुणा तरी वाचणाऱ्या माणसानं तपासावी, चुका काढाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. एके सकाळी त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "कौतुक नगं गुरुजी. कुठं चुकतंय त्ये सांगा. एकट्यानं मोजलेली हद्द खरी नसती."

मी सातव्या पानापर्यंत वाचली. तिथे बोट होती. मग सहामाहीचे पेपर आले, मग दिवाळी आली, आणि वही पेपरांच्या गठ्ठ्याखाली गेली. ते दर आठवड्याला विचारत आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणे, "वाचतोय. मुद्देसूद आहे. काही शंका आहेत." एके दिवशी कंटाळून मी "वाचून झाली" असं सांगून टाकलं; वही मात्र माझ्याकडेच राहिली. त्यांचा चेहरा इतका खुलला, की मला स्वतःच्या वाचनाचा अभिमान वाटला.

त्याचा परिणाम असा झाला, की वाचनालयाच्या वार्षिक समारंभात 'शेजारी देशांचा संघ व्हावा काय?' असा परिसंवाद ठरला. व्हावा म्हणणारे ते, होऊ नये म्हणणारा मी. चाळीसेक माणसं जमली. मी आधी बोललो आणि फार छान बोललो. युरोपातल्या देशांनी शतकानुशतकं एकमेकांची डोकी फोडली आणि दमल्यावर बाजार एक केला, आपण अजून पुरेसे दमलेलो नाही, या वाक्याला टाळ्या पडल्या. ते वाक्य मी चार दिवस घासत होतो.

घरमालक उठले. म्हणाले, "आमच्या खात्याची एक रीत हाय. गुरुजींची बाजू आधी मी सांगतो." आणि त्यांनी माझी बाजू माझ्याहून चांगली सांगितली. एक हत्ती आणि सहा शेळ्या यांचा संघ झाला तर शेळ्यांनी हत्तीवर विश्वास का ठेवावा, हा मला न सुचलेला आक्षेपही त्यांनी माझ्या नावावर जमा केला. "बराबर?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आता माझी बाजू तुमी सांगा."

मी बोट सांगितली. नेपाळचा कप्तान सांगितला. लोक हसले.

"आन फुडं?"

"पुढे... तपशील आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं खोट्या जबान्या ऐकलेल्या माणसाला दुसरा पुरावा लागत नसावा. मग ते सभेकडे वळून म्हणाले, "गुरुजींचा घसा बसलाय. मिलोनं आमचे समद्यांचेच बसलेत. चहा आना." सभा तिथेच संपली. लोक माझ्या टाळ्यांच्या वाक्याबद्दल माझं अभिनंदन करत होते आणि ते सतरंजीच्या घड्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वही काढून आठव्या पानापासून वाचायला बसलो. पहिल्या सात पानांत नजरेतून सुटलेलं तेव्हा दिसलं, की प्रत्येक पानाच्या उजवीकडे लाल शाईनं एक रकाना आखला होता आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गुरुजींच्या हरकती'. नव्वद पानं, नव्वद रिकामे रकाने.

आठवडाभर मी हरकती लिहिल्या. सैन्य कुणाचं, नाणं कुणाचं, काश्मीरचं काय. बहुतेक कलमं टिकण्यासारखी नव्हती, हे आजही म्हणेन. मग एकविसावं कलम आलं. 'लढाई चालू असली तरी संघात टपाल बंद पडणार नाही.' खाली कारण दिलं होतं. 'माझा साखळीवाला कराचीस असतो. बावीस वर्षे साखळीचे दुसरे टोक त्याने धरले. तिकडे गेल्यापासून दर ईदेला त्याचे कार्ड येई. लढाईपासून आलेले नाही.'

हरकतीच्या रकान्यात मी 'मान्य' लिहिलं.

वही परत दिली तेव्हा ते ओसरीवर उभ्या उभ्याच पानं उलटू लागले. माझ्या प्रत्येक हरकतीला खुशीत हुंकार देत होते. एकविसाव्या कलमावर त्यांचं बोट थांबलं. आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "ऐकलं का? एक कलम मंजूर झालं."

"मग च्या टाकू का?" आतून आवाज आला.

"टाक. गुरुजींना जादा साखर घाल."

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं माझी बदली राहुरीला केली. निघताना त्यांनी माझा पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. नंतर एक-दोन वर्षांनी पाकिस्तानशी टपाल पुन्हा सुरू झाल्याचं मी पेपरात वाचलं. कराचीचं कार्ड आलं का, हे विचारणारं पत्र त्यांना टाकायचं मी त्याच दिवशी ठरवलं. रोज उद्यावर ढकलत राहिलो. मग एकदा श्रीगोंद्याहून आलेल्या जुन्या विद्यार्थ्याकडून ते गेल्याचं कळलं. कार्डाचं त्याला काही माहीत नव्हतं.

राहुरी आणि श्रीगोंदा एकाच जिल्ह्यात आहेत. आमच्या दोघांमधलं टपाल एक दिवसही बंद नव्हतं.