बरोबरीत सुटलेला सामना

आशियातल्या महिला क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची पात्रता फेरी खेळायला आम्ही परदेशात गेलो होतो. मी संघाची गोलरक्षक. आमचे सामने संपले होते आणि गॅलरीत बसून आम्ही गटातला शेवटचा सामना पाहत होतो. दोघांपैकी कोणीही हरलं, तर आम्ही पुढे जाणार होतो. बरोबरी झाली, तर ते दोन्ही संघ पुढे आणि आम्ही घरी.

एक-एक गोल झाला आणि खेळातला जीवच गेला. बॉल नुसता आडवा फिरत राहिला. आमची कर्णधार रेखा कठडा धरून मराठीतच ओरडत होती, "अगं, मार ना पुढे!" मैदानात असते तर मी झेपावले तरी असते. इथे फक्त बघायचं होतं, आणि उठूनही जाता येत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या समोरच एका मुलीकडे बॉल आला. पुढे सगळं मोकळं होतं. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, जराशी थबकली आणि बॉल मागे आपल्या गोलरक्षकाकडे देऊन टाकला. वाटलं, हीसुद्धा अडकलीच आहे. फक्त तिचं अडकणं तिला पुढे नेणार होतं.

सामना बरोबरीत सुटला.

"ताई, तिच्या जागी मी असते तर?" रेखाने आमच्या प्रशिक्षक ताईंना विचारलं.

"मागेच दिला असतास," ताई म्हणाल्या. "आणि मीच द्यायला लावला असता."

ती मुलगी खाली मान घालून आमच्या समोरून निघाली होती. रेखाने डोळे पुसले आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते जमलं नाही.