ढोल बांधावरून ऐकणारे हिरालालभाई

हिरालालभाईंची आणि माझी पहिली भेट भर स्टेजवर झाली. शहाद्याच्या आमच्या शाळेचे संमेलन होते. मी नवखा मास्तर माईकला तोंड चिकटवून बोलत होतो आणि कर्णे किंचाळत होते. लाउडस्पीकरवाले हिरालालभाई वर आले, मला हातभर मागे सरकवले आणि म्हणाले, “गुरुजी, माईकले दात लावू नका.” सगळी शाळा हसली. मला राग आला, पण आवाज सुधारला होता.

तापीकाठच्या गुजर घराण्यातले हे गृहस्थ केळीची बाग भावावर सोपवून आवाजाच्या नादी लागलेले. साठ साल उजाडायच्या आसपास त्यांनी टेपरेकॉर्डर मिळवला आणि सातपुड्यातला होळीचा ढोल रेडिओवर वाजवायचा ध्यास घेतला. आकाशवाणी केंद्रातले साहेब म्हणाले, “ढोल टेपवर नीट येत नाही. आला तर लावू, नाहीतर स्टुडिओतल्या ढोलकीवर भागवू.” हे शब्द हिरालालभाईंच्या जिव्हारी लागले.

म्हसावदच्या वरच्या अंगाला, पावरा वस्तीत वेस्तादादा नावाचे वयोवृद्ध ढोलवादक राहत. एव्हाना मीही भाईंच्या मागे हिंडू लागलो होतो; यंत्र आणि मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून आम्ही त्यांच्याकडे पोचलो. हिरालालभाईंनी माईक ढोलापासून हातभर अंतरावर उभा केला. पहिली थाप पडली आणि यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा पार टोकाला जाऊन चिकटला. टेपवर नुसता फाटका खडखडाट. वेस्तादादांना जरा हळू वाजवायची विनंती केली, तर ते शांतपणे म्हणाले, “ढोल धीरे वाजत नही.” एकामागून एक रिळे वाया गेली. एकच कोरे उरले. त्या घरचा रिवाज असा की होळीच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की ढोल आढ्याला टांगायचा, तो पुढच्या होळीलाच उतरायचा; आणि तो शेवटचा दिवस नेमका आजच होता.

दुसरा कोणी असता तर वादकावर चिडला असता. हिरालालभाई वेस्तादादांसमोर उकिडवे बसले आणि नवा मढवलेला ढोल ते कुठून ऐकतात ते विचारले, “दादा, नवं कातडं मढाडं का तुम्ही ढोल कथाईन आयकतस?”

वेस्तादादांनी समोरच्या शेताकडे बोट केले. “त्या बांधवर उभं राहीसन. जोडे ढोल समजत नही.” म्हणजे, जवळून ढोल कळतच नाही.

हिरालालभाई माझ्याकडे वळून ओशाळे हसले. “गुरुजी, तुमले शिकाडं आन मीच चुकनू.” मग आम्ही सगळे बिऱ्हाड त्या बांधावर नेले. माईक बांबूला उंच बांधला आणि वाऱ्यासाठी हिरालालभाईंनी त्याच्याभोवती स्वतःचा रुमाल गुंडाळला. ऊन उतरत होते. वेस्तादादांनी टिपरू उचलले, वस्तीतल्यांनी थाळी घेऊन फेर धरला, आणि तो ढोल आला! घुमारा आला, काशाच्या थाळीची किणकिण आली, नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेकासुद्धा आला. काटा मात्र शहाण्यासारखा मधेच डोलत राहिला.

ते रीळ त्यांनी आधी वेस्तादादांना ऐकवले, मग केंद्राला दिले. ज्याचा आवाज त्याला पहिला मान, हा त्यांचा दंडक आजही मोडलेला नाही.

कार्यक्रम लागला त्या दिवशी म्हसावदच्या पंचायतीच्या रेडिओभोवती ही गर्दी. साहेबांची ढोलकी स्टुडिओतच राहिली होती! वेस्तादादा मला कुठे दिसेनात. शोधले तर ते चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला एकटे उभे होते. “जोडे या ना,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. “आठेच बराबर शे. मन्हाच ढोल शे हाऊ.” माझ्या मागोमाग आलेले हिरालालभाई रुमालाने डोळे पुसत होते.

आज भाई पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांनी ठणठणीत शंभरी गाठावी. त्या दिवशी भाषण मीच करीन, माईकपासून हातभर मागे उभा राहून. त्यांनी मात्र मांडवाच्या शेवटच्या टोकाला उभे राहून सांगावे, बराबर शे की नही.