पिच्चरमधला काठ

आमच्या बैठकीच्या खोलीत मधोमध एक खड्डा होता. विणकराच्या घरात तो असायचाच. माग जमिनीलगत, आणि विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसणार. लकडगंजच्या मागे आमची विणकरांची वस्ती होती, तिथे त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण मी सांगते आहे ते सत्तर सालाच्या आसपासचं. तोवर आमच्या मागावर दोन वर्षं एक धागाही चढला नव्हता, आणि तरीही आबाजी, म्हणजे माझे आजोबा, रोज सकाळी आंघोळ करून त्या खड्ड्यात उतरून बसत. तिथेच चहा, तिथेच पेपर, तिथेच दुपारची डुलकी. आलेल्या पाहुण्याला अर्धाच म्हातारा दिसायचा.

आईला हे अजिबात खपत नव्हतं. तिची बहीण प्रताप नगरला नव्या घरात राहायला गेली होती आणि तिच्या बैठकीत लाल रेक्झिनचा सोफा होता. आमच्याकडे सोफा आणला असता तर तो खड्ड्यातच ठेवावा लागला असता. त्यात एकदा मावशीचे यजमान आमच्याकडे आले आणि बोलता बोलता मागे सरकले, ते थेट आबाजींच्या मांडीवर जाऊन बसले. आबाजी म्हणाले, "बसा पाहुणे, जागा हाये." ते त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत, आणि त्याचं खापर आईने खड्ड्यावर फोडलं.

शेवटी बाबांनी निकाल दिला. बाबा सरकारी कचेरीत कारकून. लग्नाआधीच त्यांनी माग सोडला होता. इस्त्रीची पँट घालून ते मागाला वळसा घालून जायचे, आणि कुणी विणकामाचं काही विचारलं तर म्हणायचे, "मी विसरलो सगळं." त्यांनी सांगितलं, की येत्या सोमवारी मिस्त्री येईल. माग मोडायचा, खड्डा बुजवायचा, वर फरशी घालायची. आबाजी त्या दिवसापासून जेवणही खड्ड्यातच मागवायला लागले.

खरं सांगायचं तर मी आईच्या पक्षात होते. तेरा वर्षांची होते आणि मला त्या खड्ड्याची लाज वाटायची. माझ्या मैत्रिणी हिंदीतून बोलायच्या, मीही हिंदीतून बोलायचे, आम्ही सगळ्या हिंदी सिनेमे बघायचो. घरी कुणी मैत्रीण आलीच तर मी सांगायचे, की आम्ही पाण्याची टाकी बांधतो आहोत. दोन वर्षं आमची टाकी बांधून होत नव्हती. मराठी संस्कृती नावाची काही गोष्ट असते हे मी शाळेत ऐकलं होतं, पण ती पुण्यात असते अशी माझी समजूत होती.

त्याच आठवड्यात मंगळवारी सुट्टी होती आणि मावशी मला सिनेमाला घेऊन गेली. हिंदी सिनेमाची तिकिटं संपलेली. शेजारच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला एक मराठी सिनेमा लागला होता. मराठी सिनेमे आमच्याकडे असेच यायचे, मुंबई-पुण्यात जुने होऊन, आठवडाभरासाठी, गरीब नातेवाइकासारखे. आलोच आहोत तर बघू, म्हणून आम्ही आत शिरलो. सिनेमा काळा-पांढरा. गाव कोल्हापूरकडचं कुठलंतरी. तिथली माणसं असं मराठी बोलत होती, की निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मावशीला मात्र रडण्यापुरतं सगळं कळत होतं.

सासू नायिकेला घराबाहेर काढते. नायिका विहिरीपाशी जाते, आपल्याकडे पाठ करते आणि पदर डोळ्यांना लावते. त्या क्षणी पडदाभर तिच्या लुगड्याचा काठ आला. करवती काठ. करवतीच्या दातांसारखी नक्षी असते म्हणून करवती. प्रत्येक विणकराचे दात थोडे वेगळे पडतात. आमच्या घरचे बुटके आणि रुंद. मी पाळण्यात असल्यापासून तो काठ बघत आले होते. अख्खी टॉकीज हुंदके देत होती आणि मी मोठ्याने म्हणाले, "मावशी, हा आमचा काठ आहे."

"चूप बस वं," मावशी नाक पुसत म्हणाली, "ते तिकडे जीव देऊन राह्यली."

घरी आल्या आल्या मी खड्ड्याच्या काठावर बसले आणि आबाजींना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कोणाच्या आंगावर?"

"हिरोइनच्या."

"पदरापाशी दात किती होते?"

"मोजले नाहीत."

"मंग पिच्चर कायले पाह्यला?"

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली आणि आबाजी धोतर-टोपी करून माझ्याबरोबर निघाले. वाटेत त्यांनी मला आमच्या घरची रीत सांगितली. पदरापासून सातवा दात विणायचा नाही, जागा रिकामी सोडायची. सगळंच पुरं केलं तर दृष्ट लागते. वस्तीत ज्याची त्याची जागा ठरलेली होती, त्यावरून लुगडं कुणाच्या मागावरचं ते कळायचं. तेरा वर्षं त्या घरात काढून मला हे ठाऊक नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

आबाजींनी पहिल्या रांगेचाच हट्ट धरला. तिथून सूतही दिसते, म्हणाले. सबंध सिनेमात त्यांनी एकाही माणसाचं तोंड पाहिलं नाही. नायक आला तर म्हणाले, "मिलचं धोतर." पाटील आला तर म्हणाले, "फेट्याचं कापड विरलं." मधूनमधून मला विचारायचे, ते काय बोलून राह्यले, आणि मी मराठीचं मराठीत भाषांतर करायचे.

"सासूनं तिला घराबाहेर काढलं, आबाजी."

"लुगडं नेसूनच काढलं ना?"

"हो."

"मंग हरकत नाही."

विहीर आली तसे ते उठले, पडद्यापुढच्या ओट्यावर चढले आणि काठाला नाक लावून उभे राहिले. नायिकेच्या पाठीवर त्यांच्या टोपीची सावली पडली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या आणि दरवानाने त्यांना दंडाला धरून खाली आणलं. घरी येईपर्यंत ते मान खाली घालून चालत होते. मला वाटलं, त्यांना काही दिसलं नसेल.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा आबाजी खड्ड्यातून म्हणाले, "शर्त लाव. पिच्चरमधलं लुगडं या मागावरचं निघालं, तर खड्डा राहीन. नाही निघालं, तर मिस्त्रीले मी सोता घमेलं उचलून देईन. निकाल तूच दे."

बाबांनी घास गिळला. "आबाजी, तो सिनेमा आहे. पुरावा काय देणार?"

"पुरावा आणतो."

"बरं," बाबा म्हणाले. आई गालातल्या गालात हसली. तिने मनातल्या मनात सोफ्याचा रंगही ठरवला असणार.

गुरुवार सिनेमाचा शेवटचा दिवस. आबाजींनी वस्तीत सांगितलं आणि अकरा विणकर त्यांच्याबरोबर निघाले. मी बारावी. शाळेत माझं पोट दुखत होतं. त्या अकरांपैकी कितींनी त्याआधी मराठी सिनेमा बघितला होता देव जाणे, पण विहीर यायच्या आधीच त्यांच्यात जुंपली. एकाने काठ लाल आहे म्हटलं. दुसरा म्हणाला, निळा. तिसरा म्हणाला, काळ्या-पांढऱ्या पिच्चरमध्ये लाल रंग काळा दिसते, हा तर करडा दिसून राह्यला, म्हणजे हिरवा. चौथ्याने जाहीर केलं, की लुगडं मुळात त्याच्या काकाचं आहे. पडद्यावर सासू नायिकेला झोडपत होती आणि आमच्या रांगेतून आवाज आला, "ए म्हातारे, बाजूले हो जरा."

मागून एक बाई चिडून म्हणाली, "तुमच्या जिवात काही माणुसकी हाये का नाही?"

"माणुसकी हाये बाई," आमच्यातला एक वळून म्हणाला, "काठ दिसून नाही राह्यला."

मग कुणीतरी कुणाच्या तरी काकाबद्दल काहीतरी बोललं आणि दोन टोप्या उडाल्या. खेळ थांबला, दिवे लागले. नायिका विहिरीपाशी तशीच राहिली. मॅनेजर आला आणि त्याच्या मागून वरचा ऑपरेटर खाली उतरून आला. तो बिचारा हैराण झाला होता. काल खेळ संपल्यावर रीळ गुंडाळताना याच जागी त्याची फिल्म तुटली होती, जोडताना तीन-चार चित्रं कापावी लागली होती आणि तो तुकडा त्याच्या खिशातच होता. त्याने तो आबाजींच्या हातात ठेवला. "हे घ्या काकाजी. तिचा पदरच हाये यात. तुमच्या पाया पडतो, पन पुन्हा येऊ नका."

बोटभर तुकडा. त्यातला काठ नुसत्या डोळ्यांना केसाएवढा दिसत होता. पण त्या काळी आम्ही सगळी पोरं घरच्या घरी सिनेमा दाखवायचो. उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरायचं, पुढे फिल्मचा तुकडा धरायचा, दाराच्या फटीतून येणारं ऊन आरशाने त्यावर पाडायचं आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटायचं. आयुष्यात मला येणारी ती एकच कला, आणि ती रविवारी सकाळी कामाला आली.

सगळी वस्ती आमच्या बैठकीत जमली. आईने चादर भिंतीला ठोकून दिली, कारण हरणारा हरताना नीट दिसावा अशी तिची इच्छा होती. दारं लावली. आरसा माझ्याकडे. पहिल्यांदा नायिका उलटी आली, पाय वर, डोकं खाली. लोक हसायला लागले. आबाजी खड्ड्यातून म्हणाले, "बाई उलटी असली तरी काठ उलटा नसते." मी तुकडा फिरवला. आरसा हलला की लुगडंही हलत होतं. मग ते स्थिर झालं. बुटके, रुंद दात, चादरभर.

बाबा पुढे गेले आणि त्यांनी बोट लावून मोजायला सुरुवात केली. सगळे त्यांच्याबरोबर मोजत होते. पाच. सहा. सात.

सातवा दात जागेवर होता.

आठवाही होता. नववा नव्हता आणि दहावाही नव्हता. मग पुन्हा सगळे सरळ. ज्याच्या काकाचं लुगडं होतं तो खाकरला आणि म्हणाला, की ही खूण वस्तीतल्या कुणाचीच नाही. आईने सुस्कारा सोडला. इकडे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. आठवड्यापूर्वी मी त्या खड्ड्याला टाकी म्हणत होते.

आबाजी चादरीकडे बघतच नव्हते, बाबांकडे बघत होते.

बाबांचं बोट नवव्या दाताच्या रिकाम्या जागेवर तसंच राहिलं होतं. आता ते नुसते 'नाही' म्हणाले असते तरी शर्त संपली असती. माझ्या हातातलं ऊन सरकायला लागलं होतं.

"हे माझं हाये," बाबा म्हणाले.

एरवी ते घरातसुद्धा कचेरीतलं मराठी बोलायचे. मी त्यांच्या तोंडून 'हाये' पहिल्यांदा ऐकलं.

"नोकरीचा कागद आला, त्या हप्त्यात विणलं होतं," ते म्हणाले. "शेवटचं. सातवा सोडायचा विसरलो अन् पुढे नववा-दहावा चुकलो."

"बुधवारीच वळखलं मी," आबाजी म्हणाले. "माह्या पोराची चूक मले नाही दिसणार? पन मी सांगून तू मानलं असतं का? म्हणून म्हटलं, तूच मोज." मग त्यांचा जुना राग वर आला. "येवढं शिकवलं तुले. दोन दात सलग चुकले कसे गा? नोकरीच्या खुशीत ध्यान नव्हतं तुयं."

"खुशी नव्हती," बाबा चादरीकडेच बघत म्हणाले. "रडून राह्यलो होतो मी. धागे दिसत नव्हते."

आबाजींनी मागाच्या लाकडावर हात ठेवला. "मले वाटलं, तुले जायचं हाये," ते म्हणाले.

"मले वाटलं, तुम्हाले मले धाडायचं हाये."

मी आरसा खाली ठेवला. वस्तीतली माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. सगळे गेले तेव्हा आबाजी खड्ड्यातून उठले, हात टेकत वर आले आणि बाजूला सतरंजीवर बसले. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते खाली उतरले. धागा नव्हताच, पण त्यांचे पाय आपोआप पावड्यांवर, म्हणजे मागाच्या पायपट्ट्यांवर, गेले आणि रिकामा माग हलायला लागला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होती.

सोमवारी सकाळी मिस्त्री रेती-सिमेंट घेऊन आला. आईने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हणाली, "आत काम चालू हाये."